माशांच्या पाच फुटी टाकीवर पार्किंगचे फ्लडलाइट : नऊ महिन्यांनंतर

आधीच सांगते, हे माशांच्या दुकानातले लाइट नाहीत. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, दुकानाच्या पाटीवर लावतात ते ५० वॅटचे, ६५०० केल्विनचे (म्हणजे निळसर पांढरे) साधे एलईडी फ्लडलाइट. तपकीर गल्लीतून तीन आणले, साखळी आणि हुकांसकट साडेतीन हजारांत बसले.

माझी मासे आणि पाणवनस्पतींची टाकी ५ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट खोल, म्हणजे साडेपाचशे लिटरच्या आसपास. झाडांसाठीचे लाइट बाजारात बहुतेक ९० नाहीतर १२० सेंमीचे मिळतात. १५० सेंमीला एक पुरत नाही, दोन घ्यावे लागतात. चिहिरोस, ट्विनस्टार वगैरेंच्या दोन नगांची किंमत ऐकून नवरा म्हणाला, "त्यापेक्षा सुरमई आणू, निदान खाता तरी येईल."

म्हणून सुरुवातीला एक चार फुटी आरजीबी (लाल-हिरव्या-निळ्या एलईडींची) पट्टी घेतली होती. रंग बघून जीव सुखावायचा. मिस केरळ या माशाचा तांबडा पट्टा असा पेटायचा की पाहुणे फोटो काढायचे. पण तीन महिन्यांत रोटाला या पाणवनस्पतीचे खालचे सगळे देठ उघडे पडले आणि शेंडे तेवढे वर जाऊन पसरले. पट्टी अरुंद, ठेवलेली मधोमध. दोन फूट रुंदीच्या टाकीत पुढची आणि मागची कड कायम अंधारात. आपल्या डोळ्यांना जे झगझगीत दिसतं त्यावर झाडाचं पोट भरतंच असं नाही. डोळा हिरव्या-पिवळ्या उजेडाला जास्त दाद देतो, त्यामुळे खोक्यावरच्या लुमेनवरून झाडांचा अर्धाच हिशेब कळतो. झाडांसाठी बघायचं ते 'पार', म्हणजे झाडाला वापरता येणारा उजेड, तेही तळाशी. 'गॅलनमागे इतके वॅट' हा जुना हिशेब तर ट्यूबलाइटच्या जमान्यातला. एलईडीला तो लावूच नका.

पार मीटर महाग. मी जुगाड केला. नवे लाइट टांगल्यावर, रिकाम्या केलेल्या टाकीत पुन्हा पाणी भरायच्या आधी, फोनवर लक्स मोजायचं अॅप घेतलं आणि फोन तळाशी उताणा ठेवत फिरवला. काठापासून २० सेंमी उंचीवर लाइट असताना मध्यभागी ५,२०० लक्स आणि कोपऱ्यात १,७००. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला साधारण ६५ ते ७० ने भागलं की पारचा अंदाज येतो, म्हणजे मध्ये ७५ च्या आसपास आणि कोपऱ्यात २५. (आरजीबी पट्टीला हा भागाकार चालत नाही, तिथे आकडा भलताच येतो.) अनुबियास, जावा फर्न अशा कमी उजेडाच्या झाडांना १५ ते ३० पुरतं. ५० च्या वर गेलात की सीओटू (पाण्यात सोडायचा कार्बन डायऑक्साइड) आणि खत दोन्ही नीट सांभाळावं लागतं.

आणि माझ्याकडे सीओटू नव्हता. तरी हौसेने तिन्ही लाइट दहा-दहा तास चालवले. तिसऱ्या आठवड्यात काचेवर हिरवे ठिपके आले, मग व्हॅलिस्नेरियाच्या पात्यांवर केसाळ शेवाळ, आणि एका रविवारी पाणीच हिरवं. मी क्रिप्ट ही वनस्पतीही लाइटमुळे विरघळली म्हणून रडत बसले होते. ती बिचारी जागा बदलली की बऱ्याचदा विरघळते, मुळं शाबूत असली तर पुन्हा फुटते. फुटलीही.

मोठ्या टाकीला उजेड कमी पडेल या धास्तीत मी होते, आणि तो जास्त झाला. या लाइटला डिमर (उजेड कमी-जास्त करायची सोय) नाही. त्यामुळे हातात दोनच गोष्टी, उंची आणि वेळ. साखळीच्या कड्या कमी करून लाइट ३५ सेंमीवर नेले. कडेचे दोन दुपारी अडीच ते साडेनऊ, मधला फक्त चार तास. दीड महिना लागला, पण शेवाळ आटोक्यात आलं. विजेचा खर्च महिन्याला सुमारे २७ युनिट. टायमर मात्र डिजिटल आणि बॅटरीवाला घ्या. माझा पहिला गोल चकतीचा होता, वीज गेली की तेवढा मागे पडायचा. एकदा रात्री साडेअकराला हॉलमध्ये लख्ख दुपार!

आता तक्रारी. हा लाइट १२० अंशांत पसरतो, म्हणजे टाकीत पडतो तसाच सोफ्यावरही पडतो. पहिल्या संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "आज हॉलमध्ये मॅच आहे का गं?" टीव्ही बघणं अशक्य झालं. शेवटी सनबोर्डची चार इंची झालर कापून, काळा रंग मारून लाइटच्या भोवती लावली. वर झाकणाला काच ठेवू नका, टँकरच्या पाण्याचे क्षार बसून आठवडाभरात ती दुधी होते. पण उघडीही ठेवू नका. मिस केरळ उड्या मारतात. एक मासा सकाळी कपाटाखाली सापडला, तेव्हापासून जाळी आहे.

पाचव्या महिन्यात, ऐन पावसाळ्यात, मधला लाइट लुकलुकायला लागला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हा बाहेर लावायचा लाइट. घरात पाण्यावर लावलात म्हणून वॉरंटी नाही." पावसात चालणारा लाइट पाण्यापासून हातभर उंचीवर का चालू नये, हे त्याला विचारून उपयोग नव्हता. मग कळलं की ज्यात ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) एलईडीच्याच प्लेटवर असतो ते स्वस्त पडतात, पण व्होल्टेज खालीवर झालं की आधी मरतात. दुकानातच लाइट लावून फोनचा कॅमेरा धरा; स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो घेऊ नका. वायर प्लगच्या खाली लोंबेल अशी सोडा, म्हणजे ओघळ बोर्डात जात नाही. आणि घरात ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवा, लाइट मागाहून.

मेलेल्याच्या जागी मी मुद्दाम ४००० केल्विनचा, जरा पिवळसर, आणला, वेगळ्या ड्रायव्हरचा. नुसत्या ६५०० खाली मासे आजारी दिसायचे, तांबडा पट्टा विटकरी व्हायचा. आता आरजीबीइतका नाही, पण रंग परत आलाय. रोटाला लाल होत नाही, हिरवी-गुलाबी राहते, मला चालतं. व्हॅलिस्नेरिया दर पंधरा दिवसांनी कापावी लागते. आणि एक गोष्ट त्या आरजीबी पट्टीत नव्हती: फिल्टरच्या धारेने पाणी हललं की संध्याकाळी वाळूवर कवडसे नाचतात. सासूबाई आता मालिकेच्या जाहिराती लागल्या की टाकीकडे खुर्ची वळवून बसतात.

कोपरे अजून अंधारे आहेत, तिथे लाकडाला अनुबियास बांधलेत. जुनी आरजीबी पट्टी पडून आहे. चार फुटी, उथळ टाकी असेल तर खुशाल घेऊन जा. पाच फुटीसाठी मागितलीत तर देणार नाही.