एक गेम, दोन स्पॅनिश: फँटसी आरपीजीसाठी कोणती निवडावी?

राजसभेचा प्रसंग. चार प्रवासी दारात उभे आहेत. म्हातारा राजा मान वर करतो आणि म्हणतो, "या, पुढे या." इंग्रजी संहितेत हे दोन शब्दांत आटपतं. स्पॅनिशमध्ये मात्र अनुवादक तिथेच अडतो, कारण माद्रिदच्या खेळाडूसाठी राजा 'वेनिद' म्हणेल आणि मेक्सिको सिटीच्या खेळाडूसाठी 'वेंगान'. दोन्ही रूपं शुद्धच. पण एकीकडचं रूप दुसरीकडे कानावर पडलं की खेळाडू क्षणभर त्या राजसभेतून बाहेर येतो, आणि फँटसीत तो क्षण फार महाग पडतो.

हा आढावा छोट्या स्टुडिओंसाठी आणि नव्याने या कामात येणाऱ्या अनुवादकांसाठी आहे. पुण्यात बसून जगभर जाणारा गेम करता येतो, हे नॉडिंग हेड्स गेम्सच्या 'राजी'ने २०२० मध्ये दाखवलं. समजा तुमचाही गेम इंग्रजीत लिहून तयार आहे आणि स्पॅनिशसाठी पैसे एकाच आवृत्तीपुरते, फार तर दीड आवृत्तीपुरते आहेत. अनुवादाचे पैसे शब्दांवर मोजले जातात, आणि आरपीजीत, म्हणजे खेळाडू एखादं पात्र होऊन कथा जगतो अशा गेममध्ये, शब्द लाखांत जातात. त्यामुळे हा निर्णय शेवटच्या महिन्यावर ढकलण्यासारखा नाही.

पर्याय कोणते

खरे पर्याय तीन: स्पेनची स्पॅनिश, लॅटिन अमेरिकेची 'न्यूट्रल' (कुठल्याच एका देशाची नसलेली) स्पॅनिश, किंवा दोन्ही. अर्जेंटिनासारख्या एका देशाची बोली हा चौथा पर्याय. तो पूर्ण गेमसाठी क्वचितच परवडतो, पण त्याचा एक प्रश्न फार बोलका आहे म्हणून पुढे त्यावर येतेच.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात 'स्पॅनिश – स्पेन' आणि 'स्पॅनिश – लॅटिन अमेरिका' या वेगवेगळ्या भाषा म्हणून दिसतात. तांत्रिक फायलींमध्ये दुसरीला 'ईएस-४१९' म्हणतात. ४१९ हा संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन प्रदेशाचा क्रमांक. लोकसंख्या पाहिली तर स्पेन ५ कोटींच्या आसपास आणि एकटा मेक्सिको १३ कोटींच्या आसपास. तरीही बरीच वर्षं गेम आधी स्पेनच्या स्पॅनिशमध्येच निघत, कारण युरोपात गेम विकायचा तर फ्रेंच, इटालियन, जर्मन आणि स्पॅनिश हा चौकोन ठरलेलाच असे. २०११चा 'स्कायरिम' स्पेनच्या आवाजांत पूर्ण डब झाला आणि अमेरिका खंडातले स्पॅनिश खेळाडूही तोच खेळले. पोकेमॉनच्या मुख्य मालिकेला लॅटिन अमेरिकेची वेगळी स्पॅनिश मिळायला तर २०२५चा 'लेजेंड्स: झेड-ए' यावा लागला.

दरम्यान मोठ्या स्टुडिओंनी वाट बदलली होती. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये स्पेन आणि मेक्सिको अशा दोन आवृत्त्या आहेत. २०१५च्या 'द विचर ३'मध्ये आणि २०२३च्या 'बाल्डर्स गेट ३'मध्ये मजकूर दोन्ही स्पॅनिशमध्ये आहे. 'बाल्डर्स गेट ३'ने आवाज मात्र इंग्रजीच ठेवला. मजकूर दोन, स्पॅनिश आवाज एकही नाही, ही मांडणी छोट्या स्टुडिओने नीट पाहावी.

राजा कुणाला काय म्हणतो

लोक समजतात की फरक शब्दांचा आहे: स्पेनमध्ये बटाट्याला 'पाताता', तिकडे 'पापा'. हा फरक सोपा. यादी करा, बदला, झालं. अवघड आहे ते संबोधन.

स्पॅनिशचं 'तू' उच्चाराने आणि अर्थाने आपल्या 'तू'सारखंच. आदरार्थी एकवचन 'उस्तेद'. स्पेनमध्ये अनेकवचनातही हा भेद टिकून आहे: मित्रांच्या घोळक्याला 'वोसोत्रोस', मान्यवरांना 'उस्तेदेस'. अटलांटिक ओलांडून लॅटिन अमेरिकेत गेलं की 'वोसोत्रोस' नाहीसं होतं आणि सगळ्यांना 'उस्तेदेस'. आपल्याला हे चटकन कळेल, कारण मराठीचं 'तुम्ही' तसंच आहे. "तुम्ही कुठून आलात?" एवढ्यावरून राजा चौघांना मान देतोय की नुसती चौकशी करतोय, हे मराठीत कळत नाही. लॅटिन अमेरिकेच्या आवृत्तीतही कळत नाही. स्पेनच्या आवृत्तीत पहिल्याच क्रियापदात कळतं. लॅटिन अमेरिकेसाठी अनुवाद करणाऱ्याला तो मान किंवा ती तुच्छता दुसरीकडे ठेवावी लागते: एखाद्या 'परदेस्थांनो'मध्ये, वाक्याच्या लांबीत, राजाच्या गप्प राहण्यात.

आता खरी गंमत. लॅटिन अमेरिकेत 'वोसोत्रोस' बोलीतून गेलं तरी कानातून गेलेलं नाही. बायबलच्या जुन्या अनुवादांत, प्रार्थनांत ते आहे. फँटसीच्या वाचकांना ते पुस्तकांतूनही भेटलं आहे. टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला खंड स्पॅनिशमध्ये १९७७ मध्ये आला. तो काढला मिनोतावरो या प्रकाशनाने, जे १९५५ मध्ये ब्युनोस आयरेसमध्ये सुरू झालं होतं. अनुवाद केला प्रकाशक फ्रान्सिस्को पोरुआ यांनी टोपणनावाने, आणि पुढच्या खंडांत त्यांच्यासोबत मातिल्दे ओर्ने या अर्जेंटिनी अनुवादिका होत्या. घरात कुणी 'वोसोत्रोस' म्हणत नाही अशा देशाशी बांधलेल्या या दोघांनी एल्फांच्या आणि राजांच्या तोंडी 'वोसोत्रोस' घातलं. त्यामुळे बोगोता किंवा लिमातल्या वाचकाच्या मनात या सर्वनामाचा एक कोपरा तयार आहे: जुनं, उंचावरून येणारं, थोडं पवित्र.

म्हणजे लॅटिन अमेरिकेच्या आवृत्तीत एक सुंदर गोष्ट करता येते. गावकरी, चोर, सराईवाला सगळे 'उस्तेदेस' म्हणतील, आणि हजार वर्षं झोपलेली देवता जागी होऊन 'वोसोत्रोस' म्हणेल. खेळाडूच्या अंगावर काटा येईल. तोच मजकूर तसाच स्पेनमध्ये नेला तर उलटं होतं. तिथे 'वोसोत्रोस' शेजारीपाजारी वापरतात, त्यामुळे देवता जिन्यात भेटलेल्या बाईसारखी बोलू लागते आणि चोर मात्र अदबशीर वाटतात. एका आवृत्तीत शोधा-बदला करून दुसरी काढू नये, ते याचसाठी. शब्द बदलतात, पण कोण कुणापासून किती लांब आहे ते नकाशावर तसंच राहत नाही.

स्पेनची आवृत्ती देवतेसाठी दुसरं साधन वापरते: जुनं आदरार्थी 'वोस'. "वोस सोइस एल रेइ", "आपण राजे आहात". हे आपल्या दरबारी 'आपण'च्या जवळचं. आणि इथे अर्जेंटिनाचा तो प्रश्न येतो. ब्युनोस आयरेसमध्ये 'वोस' हे रोजचं, मित्राला म्हणायचं सर्वनाम आहे, फक्त क्रियापद वेगळं: "वोस सोस". उरुग्वे, पॅराग्वे आणि मध्य अमेरिकेच्या बऱ्याच भागातही 'वोस' घरचंच. पूर्ण गेम तिथल्या बोलीत केला तर सराई जिवंत होईल, मैत्री खरी वाटेल, पण सरदाराने राजाला हाक मारायला जुनं 'वोस' उरणार नाही. त्याला 'उस्तेद'वर किंवा 'महाराज'वर भागवावं लागेल. एखादा विनोदी, आजच्या काळाकडे झुकणारा गेम असेल तर मला हा सौदा आवडेल. दरबारी कारस्थानांचा गेम असेल तर नाही.

पिशवीतल्या वस्तू

आरपीजीत खेळाडू सतत काहीतरी उचलतो, आणि स्पेनमध्ये 'उचलणं' म्हणजे 'कोखेर'. मेक्सिको आणि अर्जेंटिनात याच क्रियापदाचा अर्थ लैंगिक आहे. दर दहा मिनिटांनी पडद्यावर ते दिसणं किती विचित्र होईल ते सांगायला नको. 'रेकोखेर' हे त्याचं भावंड मात्र दोन्हीकडे निर्धोक आहे. एकच आवृत्ती करणार असाल तर ही अशी सुरक्षित रूपं पहिल्या दिवशीच शब्दसूचीत घाला. समुद्रकाठच्या मोहिमेत शिंपले गोळा करायचे असतील तर 'कोंचा' टाळा, अर्जेंटिना आणि चिलीत तो शब्द अश्लील आहे. खाणीतली कुदळ म्हणजे 'पीको', आणि चिलीत त्यालाही तसाच अर्थ चिकटलेला. संदर्भात तो निभावतो, पण वस्तूंच्या यादीत एकटा उभा राहिला की हसू येतं.

स्वयंपाक असलेल्या गेममध्ये 'तोर्तिया' जपून. स्पेनमध्ये ते अंड्या-बटाट्याचं जाड ऑम्लेट, मेक्सिकोत मक्याची भाकरी. चित्र एक आणि नाव दुसरं असा घोळ इथेच होतो.

पात्रांच्या वर्गांची नावं मात्र वाटतात तेवढी अवघड नाहीत. टेबलाभोवती बसून खेळायच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची पहिली स्पॅनिश पेटी १९८५ मध्ये स्पेनमध्येच निघाली. 'मागो' (जादूगार), 'पिकारो' (ठक), 'ब्रूखो' (चेटक्या) हे शब्द समुद्रापलीकडच्या टेबलांवरही रुळलेले आहेत. ते बदलू नका. शहरांची, पात्रांची नावंही दोन आवृत्त्यांत एकच ठेवा. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधल्या स्टॉर्मविंड शहराचं 'व्हेंतोर्मेंता' झालं तसं एखादं चांगलं नाव जमलं की ते सगळ्यांचं होऊ द्या, म्हणजे स्पेनमधल्या वायादोलिदचा खेळाडू मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराच्या खेळाडूला मोहीम समजावू शकेल.

दोन गोष्टी थोडक्यात. "तुला तलवार सापडली" हा संदेश स्पेनमध्ये पूर्ण वर्तमानात येतो, "आस एनकोन्त्रादो", आणि अमेरिकेत बहुधा साध्या भूतकाळात, "एनकोन्त्रास्ते". हजारो सूचनांमध्ये हा फरक शांतपणे जाणवत राहतो. दुसरं, आकडे. '१.५००' हे स्पेनमधल्या जुन्या सवयीने दीड हजार आणि मेक्सिकोत दीड. स्पॅनिश भाषेच्या अकादम्या आता मोठ्या आकड्यांत हजारांसाठी टिंबाऐवजी मोकळी जागा सोडायला सांगतात. तलवारीच्या मार्‍याचा आकडा त्या नियमाने लिहा, किंवा आकड्यांची मांडणी भाषेनुसार बदलू द्या.

आवाज द्यायचा असेल तर

मजकुरात माणूस बरंच खपवून घेतो, आवाजात नाही. २००४चा 'हेलो २' स्पेनमध्ये लॅटिन अमेरिकेच्या आवाजांत विकला गेला आणि तिथल्या खेळाडूंची नाराजी आजही आठवली जाते. तो फँटसी नव्हता, पण धडा तोच. 'न्यूट्रल' स्पॅनिश डबिंगमधून आली, मुख्यतः मेक्सिकोच्या स्टुडिओंमधून. अर्जेंटिनाच्या १९८६च्या डबिंग कायद्यातही 'न्यूट्रल कास्तिलियन' असे शब्द आहेत. ती सगळ्यांना समजते आणि कुणाच्याच घरची नसते. निवेदकाला, देवतेला, खेळ शिकवणाऱ्या सूचनांना हे चालतं. बंदरावरच्या चोराला चालत नाही, त्याचा आवाज कुठल्या तरी गल्लीचा असावा लागतो.

उच्चारात एक सापळा आहे. स्पेनच्या बहुतेक भागात 'काथा' म्हणजे शिकार आणि 'कासा' म्हणजे घर. अमेरिकेत दोन्हींचा उच्चार 'कासा'. गेममध्ये ड्रॅगनची शिकारही आहे आणि ड्रॅगनचं घरही, तर माद्रिदच्या कानाला वेगळ्या वाटणाऱ्या दोन मोहिमा लिमाच्या कानाला एकच वाटतील. यमकं आणि कोडीही याच कारणाने दोनदा लिहावी लागतात. 'झेल्डा'ने २०१७च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये दोन्ही स्पॅनिशमध्ये वेगळे आवाज दिले. तेवढी ऐपत असणारे थोडेच.

मी काय निवडेन

आवाज नाही, एकच आवृत्ती, आणि गेममध्ये सराया, बाजार, थट्टामस्करी जास्त: लॅटिन अमेरिकेची. संख्या त्या बाजूला आहे, आणि तिथल्या खेळाडूंनी दुसऱ्याच्या स्पॅनिशमध्ये खूप वर्षं खेळून झालंय. त्यांनी ते सहन केलं म्हणजे त्यांना ते आवडलं असं धरणं मला अन्यायाचं वाटतं.

एकच आवृत्ती, पण मजकूर दरबारी, पुराणासारखा, आणि प्रकाशक युरोपातला: स्पेनची. 'वोसोत्रोस' अमेरिकेत परकं वाटेल, पण राजांच्या तोंडी ते परकेपण गेमच्या बाजूने काम करेल. फक्त 'कोखेर' आणि 'कोंचा' तेवढे काढून टाका.

दीड आवृत्ती परवडत असेल तर मेनू, वस्तू, वर्ग आणि नावं एकदाच करा. खेळाडू स्त्री की पुरुष यावर अवलंबून असणारी वाक्यंही एकदाच सोडवता येतात. 'ब्येन्व्हेनीदो' की 'ब्येन्व्हेनीदा' या पेचाऐवजी "ते दोय ला ब्येन्व्हेनीदा", "तुझं स्वागत करतो", हे दोन्हीकडे चालतं. संवाद मात्र दोन माणसांकडून दोनदा लिहून घ्या, एक स्पेनचा आणि एक पलीकडचा, आणि दोघांना एकमेकांचं काम वाचू द्या.

करार करण्याआधी तीन तुकडे दोघांकडे पाठवा: राजसभा, सराईतलं भांडण आणि पन्नास वस्तूंची यादी. सोबत प्रत्येक पात्रापुढे लिहा की ते कुणाला 'तू' म्हणतं, कुणाला 'तुम्ही' आणि कुणाला 'आपण'. इंग्रजी संहितेत ही माहिती नसते आणि अनुवादकाला ती अंदाजाने भरावी लागते. तुम्ही मराठी आहात, तुम्हाला ती आधीच माहीत आहे. चौघे दारात उभे असताना राजाच्या मनात काय होतं, ते एका ओळीत लिहून द्या.