‘ॲक्शन फॉर हॅपिनेस’चं मोफत कॅलेंडर: ऑफिसच्या भिंतीवर लावण्याआधी

दर महिन्याला एक पान आणि तारखेच्या प्रत्येक चौकोनात एक छोटी कृती, ब्रिटनमधल्या ‘ॲक्शन फॉर हॅपिनेस’ या संस्थेचं कॅलेंडर इतकंच आहे. पीडीएफ फुकट उतरवून घेता येते, मोबाईल ॲपही आहे. बारा महिन्यांना बारा विषय. ऑफिसात चांगुलपणाची सवय लावायची असेल तर ऑगस्ट आणि डिसेंबर ही दोन पानं घ्या, दुसऱ्यासाठी काही करण्यावर त्यांचा भर असतो.

यातली जमेची बाजू म्हणजे कृतींचा आकार. ‘कसा आहेस’ विचारून उत्तर संपेपर्यंत ऐकणं, दूरच्या माणसाला धीराचा निरोप पाठवणं. पाच मिनिटांत होतं आणि कुणाची परवानगी लागत नाही.

तरी जसंच्या तसं वापरू नका. रोज एक कृती केली की काही दिवसांत ती अंगवळणी पडू शकते आणि मग नुसत्या पाट्या टाकल्या जातात. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी २००५ साली मांडलेल्या प्रयोगात लोकांनी सहा आठवडे, दर आठवड्याला पाच भली कामं केली. पाचही एकाच दिवशी करणाऱ्यांचं समाधान वाढलं, आठवडाभर पसरवणाऱ्यांचं तसं वाढलं नाही. तेव्हा आठवड्यातला एक वार ठरवा, सात चौकोनांतले पाच निवडा आणि उरलेले दोन खोडून टाका. ते पुढे लागणार आहेत.

दुसरी उणीव जास्त खटकते. आभार माना, असं पान सांगतं, पण नेमके कसे ते फारसं उलगडत नाही. ‘छान काम केलंस’ हे कुणालाही, कधीही म्हणता येतं, म्हणूनच ते कुणाला भिडत नाही. काय केलं, त्यापायी काय सोसलं आणि त्यामुळे कुणाचं काय सोपं झालं, एवढं त्यात यायला हवं. उदाहरणार्थ: ‘काल तुम्ही आकडे पुन्हा तपासलेत म्हणून तिसऱ्या रकान्यातली चूक सापडली. नाहीतर आज ग्राहकाला दुसरं बिल पाठवावं लागलं असतं. तुमची जेवणाची सुट्टी त्यात गेली, हे लक्षात आहे माझ्या.’ बोलायला वीस सेकंदही लागत नाहीत. इतकं नेमकं सुचलं नाही, तरी गप्प बसू नका. ॲडम ग्रँट आणि फ्रान्सेस्का जीनो यांच्या २०१० च्या प्रयोगात नोकरीच्या अर्जाचं पत्र तपासून देणाऱ्यांकडे पुन्हा मदत मागितली गेली. नुसती पोच मिळालेल्यांपैकी ३२ टक्के तयार झाले, आभाराचे दोन शब्द मिळालेल्यांपैकी ६६ टक्के. समोरचा अवघडेल ही भीतीही वाजवीपेक्षा मोठी असते. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये आभाराची पत्रं लिहिणाऱ्यांचा अंदाज आणि ती वाचणाऱ्यांचा अनुभव ताडून पाहिला, तर वाचणारे अंदाजापेक्षा कमी अवघडले होते आणि जास्त सुखावले होते.

बिघडतं कुठे? साहेबांनी सक्ती केली, चौकोनांवर ‘झालं’ अशा खुणा करून घेतल्या, की तिथेच सगळं तोंडदेखलं होतं. पान भिंतीवर असू द्या, पण हिशेब कुणाचाच ठेवू नका. सगळ्यांसमोर कौतुक करण्याआधी त्या माणसाला विचारा, काहींना ते नकोसं होतं. रात्री अकराला आलेल्या कौतुकाच्या निरोपालाही उत्तर द्यावंसं वाटतं, म्हणून तो सकाळच्या वेळेला लावून ठेवा. आणि ज्याच्यावर दोघांचं काम लादलंय, त्याला शुभेच्छांची चिठ्ठी देऊ नका. काम कमी करता येत असेल तर तेच करा.

माझ्या मते सगळ्यात मोठी उणीव ही की पान गोड गोष्टींतच रमतं. कामाच्या जागी खरा जिव्हाळा बऱ्याचदा अवघड बोलण्यात असतो. एखाद्याच्या अहवालातली चूक वर जाण्याआधी, त्याच दिवशी, एकट्यात त्याला दाखवणं आणि दुरुस्तीला सोबत बसणं, याला कॅलेंडरमध्ये जागा हवी. मीटिंगची टिपणं आणि वाढदिवसाची वर्गणी नेहमी एकाच्याच गळ्यात पडते, तिकडेही लक्ष जायला हवं. मघाशी खोडलेले दोन चौकोन त्यासाठीच. एकावर चिठ्ठी चिकटवा, ‘चूक वेळेत आणि एकट्यात सांगितली’, आणि दुसऱ्यावर, ‘नेहमी दुसऱ्याच्या माथी येणारं एक काम आज मी घेतलं’.