लिप फिलर: कोणता पर्याय, आणि कोणाच्या हातून?

ओठ भरीव दिसावेत असे वाटणाऱ्यांपुढे साधारण चार पर्याय येतात: डॉक्टरांकडून घेतलेले हायलुरॉनिक अ‍ॅसिडचे इंजेक्शन, पार्लरमधले बिनसुईचे ‘हायलुरॉन पेन’, कायम टिकणारा पदार्थ आणि स्वतःच्याच शरीरातून काढलेली चरबी. जाहिरातींत त्यांची तुलना किंमत आणि टिकाऊपणा यांवरून केली जाते. माझ्या मते त्याआधी पाहायला हवे ते वेगळेच: काही बिघडले तर केलेले उलटवता येते का, आणि ते उलटवू शकणारी व्यक्ती त्या वेळी तिथे हजर असते का.

या कसोटीवर हायलुरॉनिक अ‍ॅसिड सर्वांत पुढे आहे. हा जेल सहसा सहा महिने ते वर्षभर टिकतो, आणि ‘एवढा खर्च करूनही कायम नाही’ अशी तक्रार त्याच्याबद्दल ऐकू येते. परंतु हायलुरॉनिडेज नावाच्या विकराचे (एन्झाइमचे) इंजेक्शन देऊन तो विरघळवता येतो, हा त्याचा खरा फायदा आहे. ओठ वेडावाकडा दिसू लागला, गाठ राहिली किंवा जेल ओठाच्या कडेबाहेर सरकून वर मिशीसारखा फुगवटा आला, तर या विकराचा उपयोग होतो. त्याहून महत्त्वाचा उपयोग रक्तवाहिनी बंद पडते तेव्हा होतो. चेहऱ्याच्या मुख्य धमनीच्या शाखा दोन्ही ओठांतून आडव्या जातात आणि त्यांची जागा व खोली माणसागणिक बदलते. जेल चुकून त्यांच्यात शिरला, तर पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि वेळीच उपचार न झाल्यास तिथली त्वचा मरू शकते. दृष्टी जाण्याचा धोका नाक आणि दोन भुवयांमधला भाग येथे अधिक असतो. ओठांच्या बाबतीत तो फार कमी असला, तरी शून्य नाही.

नेहमीची सूज आणि रक्तवाहिनी बंद पडणे यांतला फरक रुग्णालाही कळायला हवा. नेहमीची सूज मऊ असते, पहिल्या दोन-तीन दिवसांत जास्त दिसते आणि नंतर उतरत जाते. थोडे काळेनिळे पडणेही चालते. याउलट त्वचेचा एखादा पट्टा पांढराफटक पडला, नंतर त्यावर जांभळट जाळी उमटली, किंवा दुखणे वाढतच गेले, तर ती तातडीची स्थिती समजावी. जेलमध्ये बहुधा लिडोकेन हे बधिर करणारे औषध मिसळलेले असल्यामुळे सुरुवातीला दुखणे जाणवणारही नाही, म्हणून रंगाकडे लक्ष द्यावे. जाणकार डॉक्टर ओठ बोटाने दाबून सोडतात आणि गुलाबी रंग किती वेळात परततो ते पाहतात. रंग रेंगाळत परतत असेल, तर हायलुरॉनिडेज त्याच बैठकीत, गरज पडल्यास पुन्हा पुन्हा द्यावे लागते. ‘उद्या या, बघू’ हे उत्तर येथे चालत नाही.

बिनसुईच्या पेनमध्ये सुई नसल्यामुळे ते निरुपद्रवी वाटते; प्रत्यक्षात ते जेल दाबाने त्वचेत घुसवते आणि तो किती खोल जाईल यावर वापरणाऱ्याचा ताबा राहत नाही. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) ऑक्टोबर 2021 मध्ये अशी पेने वापरू नयेत, असा इशारा दिला. पदार्थ तोच, म्हणजे विरघळणारा असला, तरी पार्लरमध्ये विकर ठेवलेले नसते आणि ते देण्याचा अधिकारही तिथे कोणाला नसतो. स्वस्त पडणारा हा पर्याय माझ्या यादीतून सरळ बाद होतो.

कायमस्वरूपी पदार्थांबाबत फार लिहिण्याची गरज नाही. इंजेक्शनने दिलेल्या सिलिकॉनमुळे वर्षांनंतरही गाठी येऊ शकतात आणि त्या बहुधा शस्त्रक्रियेनेच काढाव्या लागतात. चरबीचे प्रत्यारोपण प्लास्टिक सर्जन करतात. तिची अ‍ॅलर्जी येत नाही, पण किती भाग शोषला जाईल हे आधी सांगता येत नाही आणि जास्त झालेली चरबी या विकराने विरघळत नाही.

म्हणजे निवड उरते ती पहिल्या पर्यायातल्या डॉक्टरांची. त्वचारोगशास्त्रातील एमडी किंवा डीएनबी, अथवा प्लास्टिक सर्जरीतील एमसीएच अशी पदवी आणि वैद्यकीय परिषदेकडील नोंदणी तपासावी; काही दिवसांच्या कोर्सचे चौकटीत लावलेले प्रमाणपत्र त्याची जागा घेत नाही. हायलुरॉनिडेज दवाखान्यात आत्ता आहे का आणि रात्री फोन कोण उचलेल, हे आगाऊ शुल्क भरण्यापूर्वीच विचारावे. सिरिंजचे पाकीट आपल्यासमोर उघडले जावे आणि त्यावरचा बॅच क्रमांक आपल्या कागदांत लावून घ्यावा. अर्धी वापरलेली सिरिंज ‘तुमच्यासाठी’ राखून ठेवणारा दवाखाना टाळावा. सुईऐवजी बोथट टोकाच्या बारीक नळीने (कॅन्युलाने) धोका कमी होतो, पण संपत नाही. पहिल्या वेळी अर्धा मिलिलिटर पुरेसा असतो. कमी वाटले तर नंतर भर घालता येते.

ओठांवर पूर्वी तापाचे फोड येऊन गेले असतील तर ते आधी सांगावे, कारण सुईने नागीण-कुळातला तो विषाणू पुन्हा जागा होऊ शकतो आणि डॉक्टर त्यासाठी प्रतिबंधक गोळ्या देतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगावी, मात्र स्वतःहून बंद करू नये. दातांचे मोठे काम आणि फिलर यांत दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे. लग्नासाठी करायचे असेल तर किमान महिनाभर आधी करावे; हळदीच्या आठवड्यात तर नकोच. गरोदरपणात, स्तनपानाच्या काळात आणि तोंडात वा दातांत संसर्ग असताना चांगला डॉक्टर स्वतःच तारीख पुढे ढकलतो.