गेटॲट्र की डिक्शनरी: फंक्शन ऐनवेळी ठरत असेल तर

रावेर-सावद्याकडच्या केळीच्या व्यापाऱ्यांसाठी मी पट्टी (शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब) काढायचा प्रोग्राम सांभाळतो. पट्टीची पद्धत ज्याची त्याची वेगळी. कोणी हमाली कापतो, कोणी भाडं शेतकऱ्याच्या अंगावर टाकतो, कोणी उचल वळती करून घेतो. म्हणून कोणतं फंक्शन चालवायचं आणि त्याला कोणते ऐच्छिक आर्ग्युमेंट द्यायचे, हे दोन्ही सेटिंगच्या फाइलवरून ऐनवेळी ठरतं. पायथनमध्ये यासाठी दोन सरळ रस्ते आहेत: नावाची स्ट्रिंग देऊन गेटॲट्रने (getattr) फंक्शन शोधणं, किंवा नाव आणि फंक्शन यांच्या जोड्यांची डिक्शनरी स्वतः लिहून ठेवणं.

आर्ग्युमेंटचा भाग दोन्हीकडं सारखाच, त्यामुळं तो निवडीत धरू नका. जे मिळालं तेवढंच एका डिक्टमध्ये (डिक्शनरीत) भरायचं आणि दोन चांदण्या (**) लावून पाठवायचं. जे नाही, त्याची कीच टाकायची नाही. तिथं नन (None) भरून पाठवलं तर फंक्शनचा डिफॉल्ट लागत नाही, ननच आत जातो आणि पुढं बेरजेत अडकतो.

गेटॲट्रचं कौतुक आधी करतो. नवीन पद्धत आली की फंक्शन लिहायचं, बस. दुसरीकडं कुठं नोंद नको. पायथनच्या स्वतःच्या एचटीटीपी सर्व्हर मॉड्यूलमध्येही हेच आहे: विनंतीच्या प्रकाराआधी ‘डू_’ लावून मेथड शोधली जाते. असा ठरलेला उपसर्ग लावला की सेटिंगमधून भलतंच काही चालवलं जाण्याची भीतीही बरीच कमी होते.

पण मला जे नडलं ते वेगळंच. फंक्शन कोण बोलावतं, हे शोधून सापडत नाही. पूर्ण प्रोजेक्टमध्ये नाव शोधा, फक्त ते लिहिलेली ओळ दिसते. उपसर्ग जोडून नाव बनत असेल तर सेटिंगच्या फाइलमध्येही ते अख्खं मिळत नाही. एडिटरमधून नाव बदललं तर ती स्ट्रिंग जुनीच राहते. ऑफिसात नवीन आलेला कोणीही म्हणणार, “भो, हे तर कोणी वापरतच नाही, काढून टाकू का?” आणि त्याचं चूक नाही, कारण कोड वाचून दुसरा अर्थ निघतच नाही. असं काढलेलं फंक्शन त्या दिवशी कळत नाही. ज्या व्यापाऱ्याची ती पद्धत, त्याची गाडी भरून झाल्यावर कळतं. कांदेबागाचा (केळीच्या एका हंगामाचा) माल निघत असताना असा फोन आला की सकाळ गेलीच समजा.

डिक्शनरीत फंक्शनचं नाव खरोखर लिहिलेलं असतं. शोधलं की सापडतं, एडिटरने बदललं की बदलतं, काढलं तर प्रोग्राम सुरू होतानाच नेमएरर येतो. कटकट एवढीच की प्रत्येक नवीन फंक्शनची एक ओळ वाढवावी लागते. ती टाळायला डेकोरेटरने (फंक्शनच्या डोक्यावर @ लावून लिहायची ओळ) नोंद करता येते, पण मग ज्या मॉड्यूलमध्ये फंक्शन आहे ते कुठंतरी इम्पोर्ट झालेलं लागतं, नाहीतर नोंदच होत नाही. मी तरी ओळ हातानेच लिहितो.

बाहेरचे लोक प्लगइन लिहून देणार असतील, किंवा फंक्शनं शंभराच्या घरात असतील, तर कदाचित गेटॲट्रच सोयीचं पडेल. आमच्यासारख्या दहा-वीस पद्धतींच्या कामाला मला डिक्शनरी बरी वाटते.

कोणताही रस्ता घेतलात तरी चालवण्याआधी इन्स्पेक्ट मॉड्यूलने फंक्शनची सिग्नेचर (ते कोणते आर्ग्युमेंट घेतं त्याची यादी) काढून बाइंड करून, म्हणजे आपले आर्ग्युमेंट तिच्याशी जुळवून बघा. २०१२ च्या पायथन ३.३ पासून ही सोय आहे. आर्ग्युमेंटचं नाव चुकलं असेल तर टाइपएरर तिथंच येतो, फंक्शनच्या आतल्या टाइपएररशी गल्लत होत नाही. मात्र फंक्शन स्वतःच दोन चांदण्यांनी वाट्टेल ते आर्ग्युमेंट घेत असेल, तर ‘हमाली’ऐवजी ‘हमली’ लिहिलेलंही बाइंड मुकाट्यानं पास करतं. पट्टीच्या फंक्शनांत मी त्या दोन चांदण्या ठेवतच नाही.