पायथनमध्ये फोल्डरची यादी काढताना कोणते साधन निवडावे?

फोल्डरमधील फाइल्सची यादी काढण्याचे पाच मार्ग पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीतच उपलब्ध आहेत: ओएस मोड्यूलमधील लिस्टडिर, स्कॅनडिर आणि वॉक, तसेच ग्लॉब आणि पाथलिब ही दोन स्वतंत्र मोड्यूल. दहा-वीस फाइल्सच्या फोल्डरवर पाचांचेही उत्तर क्षणात येते, त्यामुळे नवशिक्याला ते सारखेच वाटतात. फोल्डरमध्ये लाखभर फाइल्स असल्या, तो नेटवर्क ड्राइव्हवर असला किंवा तीच स्क्रिप्ट दुसऱ्या संगणकावर चालवायची असली, की त्यांतला फरक दिसू लागतो. म्हणून कोणत्या मार्गाने ओळ आखूड होते हे पाहण्याआधी तीन गोष्टी ठरवाव्यात, असे माझे मत आहे: नावाखेरीज आणखी कोणती माहिती हवी आहे, आतल्या फोल्डरांत उतरायचे आहे का, आणि यादीच्या क्रमावर पुढचे काही अवलंबून आहे का.

लिस्टडिर सर्वांत जुने आणि सर्वांत साधे आहे. ते फक्त नावांची यादी देते, आणि ती संपूर्ण यादी एकदम मेमरीत तयार होते. नावेच हवी असतील तर त्यापेक्षा अधिक काही वापरण्याची गरज नाही. परंतु प्रत्येक नाव फाइलचे आहे की फोल्डरचे, हे विचारायची वेळ आली की प्रत्येक नावामागे ऑपरेटिंग सिस्टिमला एक स्वतंत्र विनंती जाते. यातली खेदाची बाब अशी, की फोल्डर वाचतानाच ही माहिती सिस्टिमने बहुतेक वेळा दिलेली असते. लिस्टडिर ती टाकून देते.

हीच उणीव दूर करण्यासाठी बेन हॉइट यांनी मांडलेल्या पेप 471 या प्रस्तावातून स्कॅनडिर आले आणि 2015 मध्ये पायथन 3.5 मध्ये दाखल झाले. ते एकेक नोंद देत जाते आणि त्या नोंदीतच प्रकाराची माहिती साठवलेली असते. विंडोजवर फाइलचा आकार आणि बदलाची वेळही नव्या विनंतीशिवाय मिळते; लिनक्सवर आकारासाठी प्रत्येक फाइलमागे एक विनंती करावीच लागते. आतल्या फोल्डरांत उतरत जाणाऱ्या वॉकची अंतर्गत रचना स्कॅनडिरवर आधारल्यानंतर ते लिनक्ससारख्या प्रणालींवर 3 ते 5 पट आणि विंडोजवर 7 ते 20 पट वेगवान झाले, असे त्या आवृत्तीच्या अधिकृत टिपणात नोंदवलेले आहे. मोठ्या फोल्डरमधून आकारानुसार किंवा तारखेनुसार फाइल्स निवडायच्या असतील, तर मी निःसंकोचपणे स्कॅनडिरच सुचवेन. मात्र ही नोंद वाचनाच्या क्षणाची असते. स्क्रिप्ट दीर्घकाळ चालणार असेल आणि फाइल्स दरम्यान बदलणार असतील, तर नोंदी साठवून ठेवू नयेत.

पाथलिब 2014 पासून, म्हणजे पायथन 3.4 पासून उपलब्ध आहे. त्याचा खरा लाभ यादी काढून झाल्यावर मिळतो. नाव, विस्तार (एक्स्टेंशन), मूळ फोल्डर हे सारे एकाच पाथ वस्तूतून मिळते, आणि मार्गांचे तुकडे जोडताना विंडोजची उलटी तिरपी रेघ (\) आणि लिनक्सची सुलटी तिरपी रेघ (/) यांचा विचार करावा लागत नाही. नव्याने लिहिल्या जाणाऱ्या, इतरांनी वाचायच्या स्क्रिप्टसाठी हीच माझी पहिली पसंती आहे. वेगाच्या बाबतीत मात्र सावध राहावे: त्यातील इटरडिर या यादी देणाऱ्या फंक्शनने दिलेल्या प्रत्येक पाथला तो फोल्डर आहे का असे विचारले, की पुन्हा स्वतंत्र विनंती जाते. पायथन 3.14 मध्ये आलेल्या इन्फो या गुणधर्माने हा खर्च बराच वाचवता येतो, परंतु कार्यालयांतल्या संगणकांवर बहुधा जुन्या आवृत्त्या असतात.

आतल्या फोल्डरांत उतरायचे असेल, तर खरी निवड वॉक आणि ग्लॉब यांच्यात आहे. ठरावीक विस्ताराच्या फाइल्स हव्या असतील तर ग्लॉबचा दोन ताऱ्यांचा (**) नमुना पुरतो; ग्लॉब मोड्यूलमध्ये मात्र त्यासाठी रिकर्सिव्ह हा पर्याय चालू करावा लागतो. एखादी शाखा पूर्णपणे वगळायची असेल, उदाहरणार्थ कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटचा अंतर्गत फोल्डर, तर वॉकच योग्य ठरते, कारण ते देत असलेल्या उपफोल्डरांच्या यादीतून नाव काढून टाकले की ते तिकडे उतरतच नाही. येथे दोन अडचणी लक्षात घ्याव्यात. परवानगी नसलेला फोल्डर लागला तर वॉक मूळ रचनेत काहीही न कळवता पुढे जाते. यादी अपुरी राहिल्याचे कळावे असे वाटत असेल, तर ऑनएरर या पॅरामीटरला स्वतःचे फंक्शन द्यावे लागते. दुसरी अडचण अशी, की टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइल्स ग्लॉब मोड्यूल आपणहून वगळते, तर पाथलिबमधले ग्लॉब त्या यादीत घेते. एकाच्या जागी दुसरे बसवताना हा फरक सहज नजरेआड होतो.

क्रमाबाबत पाचांपैकी कोणीही हमी देत नाही, आणि याची किंमत विज्ञानाने मोजलेली आहे. रेण्वीय रचना ठरवण्यासाठी 2014 मध्ये नेचर प्रोटोकॉल्समधून प्रसिद्ध झालेल्या पायथन स्क्रिप्ट्स ग्लॉबने मिळालेल्या फाइल्सचा क्रम गृहीत धरत होत्या. वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर त्याच फाइल्समधून वेगवेगळी उत्तरे येतात, हे हवाई विद्यापीठातील संशोधकांनी 2019 मध्ये दाखवून दिले. मिळालेल्या नावांच्या यादीभोवती सॉर्टेड हे एक फंक्शन घातल्यास हा धोका टळतो. ते प्रत्येक वेळी घालावेच.

फाइल्सची नावे मराठीत असतील तर तेवढ्याने भागत नाही. सॉर्टेड युनिकोडच्या क्रमाने लावते, त्यामुळे ‘ॲडमिशनचे अर्ज’ ही फाइल ‘हजेरीपट’ याच्याही नंतर येते, आणि ‘ळ’ हे अक्षर ‘ह’नंतर न येता ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये लागते. मराठी वर्णक्रम हवाच असेल तर पायआयसीयूसारख्या बाहेरच्या लायब्ररीचा आधार घ्यावा. ‘सातबाऱ्याचे उतारे’ या नावातला ‘ऱ’ एका चिन्हाने लिहिलेला असू शकतो किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल प्रणाली नावे या दुसऱ्या, म्हणजे दोन चिन्हांच्या पद्धतीने साठवत असे. डोळ्यांना दोन्ही नावे एकच दिसतात, तुलनेत मात्र ती वेगळी ठरतात. म्हणून पाचांपैकी कोणताही मार्ग घेतला तरी तुलनेपूर्वी प्रत्येक नाव युनिकोडडेटा मोड्यूलच्या नॉर्मलाइझ फंक्शनमधून एनएफसी, म्हणजे जोडलेल्या चिन्हांच्या स्वरूपात आणावे. ‘ॲ’ला मात्र हा उपाय लागू पडत नाही: ‘अ’वर चंद्र देऊन टंकलेले अक्षर आणि एका चिन्हाचा ‘ॲ’ युनिकोडच्या दृष्टीने समान नाहीत, त्यामुळे तेथे रिप्लेसने बदल स्वतःच करावा लागतो.