बोआसाठी सहा फुटी पीव्हीसी एन्क्लोजर: पेटी घ्या, सोबतचं हीट मॅट वापरू नका

मोठा साप पाळण्यातलं खरं सुख म्हणजे तो पूर्ण लांबीने पसरलेला बघणं. सहा-सात फुटी बोआ कन्स्ट्रिक्टर मादी नुकतीच कात टाकून दिव्याखालून सरकली की तपकिरी अंगावरून निळी-जांभळी झाक फिरते, शेपटीकडचे विटकरी पट्टे उठून दिसतात. छोट्या काचपेटीत ती नुसती वेटोळं घालून पडते. म्हणून तिच्यासाठी ६×२×२ फूट हे किमान माप धरा. (हे अमेरिका-ब्रिटनमधल्या वाचकांसाठी. तिथेही स्थानिक नियम आधी बघा. भारतीय अजगर घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.)

पेटी म्हणून पीव्हीसी उत्तमच. लाकडासारखं फुगत नाही, वर जाळी नसल्याने ५५ ते ६५ टक्के आर्द्रता सहज टिकते. सांध्यांना आतून ॲक्वेरियमचं सिलिकॉन लावा आणि त्याचा आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत साप सोडू नका. खाली मधोमध आधार हवाच, नाहीतर तळ झोल खातो आणि काचा अडकतात. सरकत्या काचांना कुलूप लावा; मोठी मादी नाकाने काच ढकलून उघडते. पिल्लू तर दोन काचांमधल्या फटीतूनही निसटतं, त्याला ही पेटी नकोच.

पेटीसोबतच्या किटमधलं हीट मॅट (खालून ऊब देणारी विजेची चटई) मात्र चुकीचं आहे. जाड पीव्हीसीतून खालची उष्णता वर पोचत नाही. मॅट आत ठेवलं तर सापाच्या वजनाखाली उष्णता कोंडते आणि पोटाचे खवले भाजतात. त्याऐवजी छताला ८० वॉटचं रेडियंट हीट पॅनल (वरून ऊब सोडणारी सपाट पाटी) बसवा, छताला अगदी चिकटून, म्हणजे मागे शिरायला जागा राहणार नाही.

पॅनलची उष्णता सांभाळणाऱ्या थर्मोस्टॅटवर काटकसर नको. प्रपोर्शनल प्रकारचाच, म्हणजे गरजेप्रमाणे वीज कमी-जास्त करणारा, घ्या. त्याचा प्रोब (तापमान मोजणारं वायरचं टोक) उबदार बाजूच्या भिंतीवर, सापाच्या पाठीच्या उंचीला, स्क्रूच्या क्लिपने पक्का करा. चिकटपट्टी सुटून अंगाला लागली तर काढताना कातडी सोलते. सुटा प्रोब पाण्याच्या भांड्यात गेला तर थर्मोस्टॅटला पेटी गार वाटते आणि पॅनल पूर्ण ताकदीने चालूच राहतं. थर्मोस्टॅटवरच्या आकड्यावर विसंबू नका, टेम्परेचर गनने (दुरून तापमान मोजणाऱ्या उपकरणाने) पेटीच्या तळाचं तापमान मोजा: उबदार बाजू ३१-३२, थंड बाजू २५-२६ अंश सेल्सिअस. साप दिवसभर पाण्यात बसला तर पेटी जास्त तापली असण्याची शक्यता आधी तपासा. फार गार राहिली तर खाल्लेलं पचत नाही, उलटून पडतं.

तळाला नारळाच्या सोडणाचे तुकडे घाला, देवदाराचा भुसा नको. नव्या पेटीत आणल्यावर आठवडाभर हात लावू नका, मग गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, गरम पाण्यात कोमट करून चिमट्याने द्या. मायक्रोवेव्हमध्ये नाही, तो आतून शिजतो आणि फुटतो. खाल्ल्यावर निदान ४८ तास उचलू नका.