लांबचा पीएलसी व्हीपीएनवरून सापडत नाही: कुठली जोडणी घ्यावी?

भोसरीत किंवा चाकणला बसून होसूर, साणंद नाहीतर परदेशातल्या मशीनच्या पीएलसीतला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरमधला, प्रोग्राम बघणं हे मशीन बिल्डरकडे आता रोजचं काम झालं आहे. तक्रारही ठरलेली असते. व्हीपीएन (इंटरनेटमधून नेलेली खासगी जोडणी) जोडला गेला, राउटर पिंगला, म्हणजे ‘आहेस का?’ या हाकेला, उत्तर देतो, पण सीमेन्सच्या टीआयए पोर्टल या प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सापडलेल्या उपकरणांची, म्हणजे ‘अ‍ॅक्सेसिबल डिव्हायसेस’ची यादी रिकामीच. मग व्हीपीएनच बदलायचं घाटू लागतं आणि चार पर्याय पुढे येतात: राउटेड व्हीपीएन, ब्रिज केलेला व्हीपीएन, कंपन्यांचे तयार रिमोट राउटर, आणि साइटवर ठेवलेला संगणक. माझं मत आधीच सांगतो. यादी दिसावी म्हणून व्हीपीएन निवडू नका. ऑनलाइन जाता येतं का, हे बघून निवडा. सापडणं आणि जोडलं जाणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि त्या वेगवेगळ्या वाटांनी चालतात.

सीमेन्सचंच घ्या. यादी भरण्यासाठी टीआयए प्रोफिनेट या औद्योगिक नेटवर्कचा डीसीपी हा प्रोटोकॉल वापरतं. त्याच्या फ्रेममध्ये आयपी पत्ताच नसतो. इथरटाइप (फ्रेमचा प्रकार सांगणारा आकडा) हेक्स ८८९२, आणि मल्टिकास्ट मॅक पत्त्यावर, म्हणजे अनेक उपकरणांच्या सामाईक हार्डवेअर पत्त्यावर, मारलेली हाक. ही हाक त्या स्विचच्या जाळ्यापुरतीच ऐकू जाते. राउटर ती पुढे नेत नाही, कारण नेण्यासारखा पत्ताच तिच्यावर नसतो. प्रत्यक्ष ऑनलाइन जाणं, ब्लॉक बघणं, प्रोग्राम उतरवणं मात्र टीसीपी पोर्ट १०२ वरून होतं आणि ते कुठल्याही राउटरमधून जातं. म्हणजे यादी रिकामी असताना पीएलसी पूर्णपणे आवाक्यात असू शकतो. ‘एक्स्टेंडेड गो ऑनलाइन’च्या खिडकीत आयपी हाताने टाइप करा, बहुतेक वेळा काम तिथेच होतं.

बाकी कंपन्यांची तऱ्हा अशीच आहे, फक्त त्यांची हाक यूडीपी ब्रॉडकास्टची, म्हणजे जाळ्यातल्या सगळ्यांना एकदम मारलेली, असते. रॉकवेलच्या आरएसलिंक्स क्लासिक या जोडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इथरनेट/आयपी’ ड्रायव्हर पोर्ट ४४८१८ वर ब्रॉडकास्ट करून शोधतो, तर ‘इथरनेट डिव्हायसेस’ ड्रायव्हरला आपण पत्ते हाताने द्यायचे असतात. व्हीपीएनवर दुसरा घ्या. बेकहॉफचं ट्विनकॅट ४८८९९ वर शोधतं आणि ४८८९८ वर बोलतं. कोडेसिस १७४० ते १७४३ वर स्कॅन करतं. मॉडबस टीसीपीला शोधण्याची सोयच नाही. ५०२ वर सरळ बोलायचं.

राउटेड व्हीपीएन

वायरगार्ड, किंवा ओपनव्हीपीएनचा ‘टन’ मोड. दोन्ही फक्त आयपी वाहतात. खर्च कमी, 4जीवर हलके, आणि दोन्हीकडचा फालतू ब्रॉडकास्ट एकमेकांत मिसळत नाही. यादी दिसणार नाही, पण वर सांगितल्याप्रमाणे ती लागतही नाही. ज्यांच्याकडे मशीनच्या आयपी पत्त्यांची नीट नोंद आहे त्यांनी हाच घ्यावा. ती नोंद नसेल तर आधी ती करा. पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला पत्त्यांचा तक्ता चिकटवण्याचा खर्च कुठल्याही राउटरपेक्षा कमी आहे.

या पर्यायात खरी अडचण वेगळीच निघते, आणि लोक तिला शोधाची अडचण समजतात. ती म्हणजे पीएलसीत डिफॉल्ट गेटवे (बाहेरच्या जाळ्याकडे नेणाऱ्या राउटरचा पत्ता) भरलेला नसणं. कमिशनिंगच्या वेळी सगळं एकाच सबनेटमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या एकाच गटात, असतं, म्हणून तो रकाना कुणी भरत नाही. आता तुमची विनंती व्हीपीएनच्या १०.८.०.६ वरून येते. पीएलसीला ती मिळतेही, पण उत्तर कुणाकडे द्यायचं हे त्याला ठाऊक नसतं. लक्षण ओळखायला सोपं आहे: साइटच्या राउटरचा लॅन पत्ता (मशीनच्या बाजूचा) पिंग होतो, पीएलसी होत नाही. उपाय दोन. एक, पीएलसीत गेटवे भरणं. सीमेन्समध्ये हा हार्डवेअर कॉन्फिगरेशनचा भाग आहे, त्यामुळे तो उतरवताना सीपीयू थांबतो आणि उत्पादनाची वेळ सांभाळावी लागते. दोन, साइटच्या राउटरवर नॅट लावणं, म्हणजे तुमची विनंती राउटरच्याच लॅन पत्त्यावरून आल्यासारखी दिसते. मशीनला हात लागत नाही, म्हणून चालू कारखान्यात मी आधी हाच उपाय सुचवतो.

पण बेकहॉफ असेल तर नॅट लावताना सावध राहा. ट्विनकॅटमध्ये कंट्रोलरकडे परतीचा रूट नोंदवलेला असतो, आणि विनंती ज्या पत्त्यावरून येताना दिसते तोच पत्ता त्यात हवा. रूट जोडताना होस्टनेमऐवजी आयपी निवडा. तुमच्या लॅपटॉपचं नाव साइटवर कुणालाच माहीत नसतं.

दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे दोन्हीकडे १९२.१६८.०.० किंवा १९२.१६८.१.० असणं. घरच्या वायफायचाही तोच सबनेट आणि मशीनचाही तोच. लॅपटॉप पीएलसीला घरातच शोधत बसतो. घरचा राउटर बदलायला सोपा, तोच बदला. आणि पिंग येतो, ऑनलाइन जाताना मात्र अडकतं, असं असेल तर पॅकेटचा आकार तपासा. वायरगार्डचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) सहसा १४२० असतो; तुकडे न करण्याच्या अटीसह १३९२ बाइटचा पिंग गेला पाहिजे. जात नसेल तर राउटरवर एमएसएस (टीसीपीच्या एका तुकड्यातल्या डेटाची मर्यादा) कमी करा. टीआयएच्या पीजी/पीसी इंटरफेसच्या यादीत व्हीपीएनचा अडॅप्टरच दिसत नसेल तर तुमच्या टेबलावर एक छोटा राउटर ठेवून त्यावर व्हीपीएन चालवा आणि लॅपटॉपला साधी केबल लावा. टीआयएला मग नेहमीचं इथरनेट कार्ड दिसतं.

ब्रिज केलेला व्हीपीएन

ओपनव्हीपीएनचा ‘टॅप’ मोड, दोन मिक्रोटिक राउटरमधला ईओआयपी, किंवा साइटवर ब्रिज ठेवून झीरोटियर. इथे इथरनेटची फ्रेम जशीच्या तशी जाते, म्हणून डीसीपीची हाकही पोचते आणि यादी भरते. मोह तिथेच आहे.

काही कामांना हे खरोखर लागतं. बॉक्समधून नवा काढलेला एस७-१२०० (सीमेन्सचा पीएलसी) आयपीशिवाय येतो. बदललेल्या ड्राइव्हला प्रोफिनेटचं नाव द्यायचं असतं. ही कामं आयपीवरून होत नाहीत. तरीही आधी बाकी वाटा बघा. एस७-१५०० च्या डिस्प्लेवरून साइटवरचा माणूस आयपी भरू शकतो. एस७-१२०० ला प्रोग्राम भरलेलं मेमरी कार्ड कुरियरने पाठवता येतं. प्रोजेक्टमध्ये टोपोलॉजी नीट काढलेली असेल आणि जागेवर बसवलेला ड्राइव्ह फॅक्टरी सेटिंगवर असेल, तर त्याचं नाव कंट्रोलर स्वतःच शेजाऱ्यांवरून ओळखून देतो. एवढी तयारी असेल तर ब्रिजची गरज क्वचितच उरते.

धोका मोठा आहे. तुमच्या ऑफिसचा डीएचसीपी मशीनच्या जाळ्यात पत्ते वाटू लागतो. तुमच्या लॅपटॉपचा आयपी तिथल्या एचएमआयशी (ऑपरेटरच्या स्क्रीनशी) जुळला तर चालू मशीनचा संपर्क तुटतो. 4जी संथ असेल तर डीसीपीची उत्तरं उशिरा येतात आणि अर्धवट भरलेली यादी बघून चुकीचे निष्कर्ष निघतात. ब्रिज कायमचा चालू ठेवायला माझा स्पष्ट विरोध आहे. लागेल तेव्हा, त्या कामापुरता जोडा.

तयार रिमोट राउटर

एचएमएसचा इवॉन कोझी, सेकोमिया, सीमेन्सचे स्केलन्स राउटर आणि साइनेमा रिमोट कनेक्ट, आयक्सॉन. यांचं मोठं बळ भारतातल्या सिमकार्डवर कळतं. मोबाइल कंपन्या ग्राहकाला सहसा स्वतंत्र सार्वजनिक आयपी देत नाहीत. राउटरचा वॅन पत्ता (इंटरनेटच्या बाजूचा) १००.६४ ते १००.१२७ मध्ये दिसला तर बाहेरून त्याला गाठता येणार नाही. तयार राउटर आतून बाहेर जोडणी करून कंपनीच्या सर्व्हरवर थांबतात, त्यामुळे हा प्रश्नच उद्भवत नाही. स्वतःचा वायरगार्ड सर्व्हर भाड्याच्या व्हीपीएसवर (इंटरनेटवरच्या सर्व्हरवर) ठेवूनही हेच साधतं, पण तो सांभाळणारा माणूस हवा. पाच-सहा मशीन असतील आणि ऑफिसात नेटवर्कचा जाणकार नसेल तर तयार राउटरचे पैसे वसूल आहेत.

आडवाट म्हणून पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे राउटरचं पोर्ट इंटरनेटवरून थेट पीएलसीकडे उघडणं, मात्र करू नका. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलिक्विपाच्या पाणीपुरवठ्यातला युनिट्रॉनिक्सचा पीएलसी हल्लेखोरांनी ताब्यात घेतला. अशी उपकरणं इंटरनेटवर उघडी होती आणि त्यांचा मूळचा ‘११११’ हा पासवर्ड अनेक ठिकाणी बदललेला नव्हता.

साइटवरचा संगणक

एक छोटा औद्योगिक पीसी, त्यात टीआयए किंवा रॉकवेलचं स्टुडिओ ५०००, आणि व्हीपीएनमधून रिमोट डेस्कटॉप. स्कॅन तिथल्या तिथे होतो, म्हणून यादी पूर्ण दिसते, नावं देता येतात आणि फर्मवेअर उतरवताना नेट गेलं तरी काम अर्धवट राहत नाही. लायसन्सचा खर्च आणि विंडोजची देखभाल हे याचं ओझं. एकाच ग्राहकाकडे तुमची बरीच मशीन असतील तर ते सहज पेलतं. कोडेसिससाठी तर पूर्ण पीसीही नको. लिनक्सच्या एखाद्या लहान बॉक्सवर कोडेसिसचा एज गेटवे बसवला की स्कॅन साइटवर होतो आणि तुम्ही टीसीपी १२१७ वरून जोडता.

एकाच मशीनसाठी मला निवडायला सांगितलं तर मी राउटेड व्हीपीएन घेईन, साइटवर नॅट लावेन आणि पत्त्यांचा तक्ता करेन. वर्षातून एकदा लागणाऱ्या डीसीपीच्या कामासाठी साइटवरच्या मेन्टेनन्सच्या माणसाचा लॅपटॉप स्विचला लावून स्क्रीन शेअर करेन. वेगवेगळ्या कंपन्यांचे कंट्रोलर एकाच लाइनवर असतील तर साइटवरचा पीसी.

यातलं काहीही घेतलंत तरी एक चावीचा स्विच पॅनेलवर बसवा आणि रिमोट राउटरच्या डिजिटल इनपुटला जोडा. कोझीत तशी सोय आहे. बाकी ठिकाणी राउटरचा २४ व्होल्टचा पुरवठा त्या चावीतून न्या. पुण्याहून सीपीयू थांबवताना किंवा आउटपुट फोर्स करताना (प्रोग्राम डावलून जबरदस्तीने चालू-बंद करताना) तिकडे कुणाचा हात साच्यात आहे हे आपल्याला दिसत नाही. ती चावी ऑपरेटरच्या खिशात असू द्या, आणि फोनवर त्याचा होकार आल्याशिवाय डाउनलोड दाबू नका.